धडक देऊन गाडी पळाली, नंबरही मिळाला नाही: जखमीने भरपाई कशी मागायची

सायकलवरून, दुचाकीवरून किंवा पायी जाताना मागून गाडी येते, उडवते आणि निघून जाते. शुद्धीवर येईपर्यंत नंबर तर सोडाच, गाडीचा रंगही आठवत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत एकच निष्कर्ष निघतो, 'कोणाकडे मागणार, सोडून द्या.' पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ मध्ये नेमकी याच प्रसंगासाठी सरकारी भरपाई आहे. २५ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने तिची नवी योजना आली. १ एप्रिल २०२२ पासून झालेल्या अपघातात जबर दुखापत असेल तर ५०,००० रुपये आणि मृत्यू झाला असेल तर वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्याआधीच्या अपघातांना जुने दर लागतात, म्हणजे १२,५०० आणि २५,०००.

ही योजना फारशी कोणी वापरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ च्या आदेशात जे आकडे नोंदवले, त्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात असे ६७,३८७ अपघात झाले. २०२२-२३ या आर्थिक वर्षात दावे आले २०५ आणि मंजूर झाले ९५.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. 'ड्रायव्हर पळून गेला' एवढ्यावरून कायद्याच्या भाषेत हा 'हिट अँड रन' ठरत नाही. योग्य ते प्रयत्न करूनही गाडीची ओळख पटली नाही तरच कलम १६१ लागू होते. नंबर मिळाला, पण ड्रायव्हर फरार आहे, असे असेल तर तुमचा दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणात जातो. तिथे कमाईचे नुकसान, उपचारांचा खर्च, कायमचे अपंगत्व, सगळे हिशेबात धरले जाते आणि रक्कम अनेक पटींनी मोठी असू शकते. म्हणून पहिले काही आठवडे खटाटोप नंबर शोधण्याचा करायचा. पन्नास हजारांचा अर्ज ही त्यानंतरची वाट. दोन्हींसाठी कागद जवळपास तेच लागतात, त्यामुळे तयारी एकत्रच करता येते.

दवाखान्यातला पहिला कागद

बरेच दावे अपघातानंतरच्या पहिल्या तासातच बिघडतात. कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, 'काय झालं?' सोबतचा माणूस घाईत सांगतो, 'गाडीवरून पडला.' केस पेपरवर तसेच इंग्रजीत लिहिले जाते आणि पुढे प्रत्येक जण तेच वाक्य दाखवतो: तुम्ही घसरून पडलात, दुसरी गाडी होतीच कुठे? एफआयआर चार दिवसांनी झालेला असेल तर संशय आणखी वाढतो.

सोबत कोणी असो, त्याने एवढेच म्हणायचे: 'अनोळखी वाहनाने धडक दिली, वाहन पळून गेले.' केस पेपरवर तसे लिहिले आहे ना, ते वाचून बघा. चूक झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून दुरुस्त करून घ्या. आठवडाभराने केलेली दुरुस्ती दुरुस्तीसारखीच दिसते. 'एमएलसी' (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) नोंदवायचा आग्रह धरा, म्हणजे दवाखान्याकडूनच पोलिसांना खबर जाते. काही छोटे खासगी दवाखाने पोलिसांचे झंझट नको म्हणून ते टाळतात. अशा वेळी आपणच ११२ वर फोन करायचा. त्या फोनची वेळही नोंदवली जाते आणि पुढे पुरावा म्हणून ती कामी येते.

गाडीचा धक्का न लागताही अपघात होतो. ट्रक अंगावर आला, तुम्ही हँडल वळवले आणि दुभाजकावर आदळलात. वाहनाच्या वापरामुळे झालेला तो अपघातच आहे, पण कागदावर हे सविस्तर यायला हवे. नुसते 'तोल गेला' लिहिले की विषय तिथेच संपतो.

उपचारांच्या पैशांसाठी ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना लागू आहे. अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. पळून गेलेल्या गाडीचे जखमीही त्यात येतात. यादीत असलेल्याच रुग्णालयात पूर्ण उपचार मिळतात. यादीबाहेरच्या ठिकाणी प्रकृती स्थिर करण्यापुरतेच. या योजनेत पोलिसांची पडताळणी लागते, म्हणून दाखल होताना 'अपघात विम्याच्या कॅशलेसमध्ये घ्या' असे मोघम म्हणू नका. 'रस्ते अपघात कॅशलेस योजना' असे नाव घेऊन विचारा.

एफआयआर

ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला, तिथे फिर्याद द्यायची. हद्दीचा वाद घालत असतील तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. जखमी बोलण्याच्या स्थितीत नसेल तर नातेवाईक किंवा प्रत्यक्षदर्शीही फिर्याद देऊ शकतो. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती त्याच वेळी मागून घ्या.

भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणे) आणि कलम १२५ (दुखापत किंवा जबर दुखापत) साधारणपणे लागतात. सोबत मोटार वाहन कायद्याचे कलम १८४, आणि अपघातानंतर मदत न करता पळाल्याबद्दल कलम १३४ व १८७. कलमे पोलिसांनी ठरवायची, पण १३४ आणि १८७ गाळली गेली असतील तर विचारायला हरकत नाही. गाडी पळाली, ही नोंद तिथूनच ठसते.

जबाबात या गोष्टी याव्यात: तारीख, वेळ, रस्त्याचे नाव, जवळची खूण (किलोमीटरचा दगड, पेट्रोल पंप, फाटा), तुम्ही कुठून कुठे चालला होता, धक्का कोणत्या बाजूने बसला, वाहनाचा प्रकार किंवा रंग जेवढा आठवतो तेवढाच. आठवत नाही ते रंगवून सांगू नका. 'पांढरी स्विफ्ट असावी' असे अंदाजाने सांगितले आणि पुढे निळा टेम्पो सापडला, तर टेम्पोच्या मालकाचा वकील तेच वाक्य पकडतो.

ठाणे अंमलदार टाळाटाळ करत असेल तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, शहरात पोलीस उपायुक्तांकडे. तिथेही काही झाले नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पण या वाटेला जाण्याआधी एकदा जाणत्या माणसाला बरोबर घेऊन पुन्हा ठाण्यात जा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते.

नंबर शोधायचे दिवस

सीसीटीव्हीचे चित्रण कायम राहत नाही. दुकानांचे, सोसायट्यांचे डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) डिस्क भरली की जुने पुसून नवे भरतात. कुठे आठवड्यात, कुठे महिन्याभरात. तपासी अंमलदाराकडे पंधरा-वीस गुन्हे असतात. तो तुमच्यासाठी उद्याच कॅमेरे बघत फिरेल ही अपेक्षा धरू नका. घरातल्या दोघांनी दुसऱ्याच दिवशी रस्ता पायी चालून काढायचा. अपघाताच्या जागेपासून गाडी ज्या दिशेने गेली तिकडे दोन-तीन किलोमीटर आणि ती जिकडून आली तिकडेही तेवढेच. कुठे कॅमेरा आहे, त्याचे तोंड रस्त्याकडे आहे का, मालकाचे नाव काय, हे वहीत उतरवा. पेट्रोल पंप, एटीएम, सराफाची दुकाने, धाबे, मंगल कार्यालये, शाळांची फाटके. टोलनाका जवळ असेल तर तोही. तिथे फास्टॅगमुळे गाडी किती वाजता गेली याची नोंद असते.

दुकानदाराकडून क्लिप मोबाईलवर मागून घेणे सोपे वाटते, पण पुराव्यात ती कमजोर ठरते. क्लिप घ्या, आणि त्याच दिवशी तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्या: अमुक ठिकाणी कॅमेरा आहे, अमुक तारखेचे अमुक वेळेचे चित्रण जप्त करावे. पोलिसांनी पंचनाम्याने घेतले आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे) प्रमाणपत्र जोडले, तरच ते न्यायालयात टिकते. डीव्हीआरचे घड्याळ पाच-दहा मिनिटे मागेपुढे असते. मोबाईलच्या घड्याळाशी ताडून तो फरक अर्जात लिहा. नाहीतर नेमकी आपलीच गाडी 'त्या वेळी नव्हती' असे निघते.

रस्त्यावर पडलेल्या काचा, बंपरचा तुकडा, तुटलेला आरसा, इंडिकेटरचे आवरण यांना हात लावू नका. फोटो काढा आणि घटनास्थळ पंचनाम्यात त्यांची नोंद करून घ्या. हेडलाइटच्या आवरणावर पार्ट नंबर असेल तर त्यावरून मॉडेल कळू शकते. तुमच्या दुचाकीवर किंवा सायकलवर दुसऱ्या गाडीचा रंग घासलेला असेल तर तोही दाखवा. पंचनामा आणि आरटीओची तपासणी होईपर्यंत गाडी गॅरेजला देऊ नका, धुऊही नका. घरची माणसे 'रक्त लागलंय' म्हणून पहिल्याच दिवशी गाडी धुतात. आपुलकीनेच, पण पुरावा वाहून जातो.

पाहणारा माणूस पुढे येत नसेल तर त्याला मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ सांगा. जखमीला मदत करणाऱ्यावर साक्ष द्यायची किंवा नाव सांगायची सक्ती करता येत नाही. ही भीती गेली की लोक निदान 'एमएच १४ होती, शेवटचे दोन आकडे सत्तावीस' एवढे तरी बोलतात. अर्धवट नंबर, रंग आणि प्रकार एवढ्यावर आरटीओकडून यादी काढणे पोलिसांना शक्य असते.

इतके करूनही गाडी सापडली नाही तर महाराष्ट्रात पोलीस न्यायालयात 'अ' समरी अहवाल पाठवतात: गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. गाडीची ओळख पटली नाही हे दाखवायला याहून चांगला कागद नाही. मात्र 'अ' समरी यायला महिने लागतात, आणि योजनेच्या अर्जासाठी तिची वाट बघण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच आदेशानुसार, गुन्हा नोंदवल्यापासून एका महिन्यात गाडीचा तपशील मिळाला नाही तर पोलिसांनी जखमीला लेखी कळवायचे आहे की तुम्ही या योजनेत भरपाई मागू शकता. दावा चौकशी अधिकाऱ्याचा पत्ताही त्यातच द्यायचा आहे. असे पत्र क्वचितच आपणहून येते. महिना उलटला की तपासी अंमलदाराला 'वाहनाचा शोध लागलेला नाही असे पत्र मिळावे' असा अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या.

'साधी' की 'जबर'

पन्नास हजार मिळणार की नाही, हे जखमेच्या प्रमाणपत्रातल्या एका शब्दावर ठरते. साध्या दुखापतीला या योजनेत एक रुपयाही नाही.

जबर दुखापत म्हणजे काय, ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये दिले आहे. हाड मोडणे किंवा निखळणे, दात पडणे किंवा तुटणे, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, एखादा अवयव किंवा सांधा गमावणे किंवा कायमचा निकामी होणे, चेहरा किंवा डोके कायमचे विद्रूप होणे, या गोष्टी त्यात येतात. शिवाय जिवाला धोका निर्माण करणारी जखम, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना होत राहिल्या किंवा माणूस नेहमीचे व्यवहार करू शकला नाही अशी जखम. जुन्या दंड संहितेत हा काळ वीस दिवसांचा होता. काही दवाखान्यांत अजून तेच धरले जाते.

करंगळीचे हाड चिरले तरी ते फ्रॅक्चर, आणि फ्रॅक्चर जबर दुखापतीत बसते. पण ते कागदावर यायला एक्स-रे लागतो. पहिल्या दिवशी तपासताना 'सूज, खरचटले' म्हणून 'साधी' लिहिले जाते आणि चार दिवसांनी फ्रॅक्चर कळते. तेव्हा नव्या एक्स-रेची फिल्म, तिच्यावरचे नाव, तारीख, क्रमांक आणि रेडिओलॉजिस्टचा अहवाल घेऊन तपासी अंमलदाराकडे जा. अंतिम जखम प्रमाणपत्र दुरुस्त करून मागवण्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याला पोलिसांचे मागणीपत्र लागते. तुम्ही स्वतः गेलात तर बहुधा 'पोलिसांना पाठवा' असेच उत्तर मिळेल.

हाड मोडलेले नाही, पण महिनाभर अंथरुणातून उठता आले नाही, अशांचे हाल जास्त होतात. पंधरा दिवसांच्या निकषासाठी सलग कागद लागतात: ओपीडीचे केस पेपर, ड्रेसिंगच्या नोंदी, फिजिओथेरपीच्या पावत्या, विश्रांतीचे प्रमाणपत्र, कामावर गैरहजेरीचा दाखला. पहिल्या दिवसाचा कागद आहे आणि मग थेट पंचविसाव्या दिवसाचा, असे असेल तर मधले दिवस तुम्ही हिंडत होता असेच धरले जाते.

अर्ज कुठे, कसा

अपघात ज्या तालुक्यात झाला, तिथल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. महाराष्ट्रात म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार. गोव्यात तुमची गाठ उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदार यांच्याशी. राहता सांगलीला आणि अपघात खंडाळ्याच्या घाटात, तर सांगलीत दिलेला अर्ज फिरत राहतो. मुंबई उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. ठिकाण कोणत्या तालुक्यात येते ते आधी पाहा.

अर्ज नमुना १ मध्ये, सोबत नमुना ४ मधले हमीपत्र. फी नाही. वकीलही लागत नाही. 'साहेबांकडून करून देतो, टक्के ठरवा' म्हणणारा माणूस भेटलाच तर त्याला लांबूनच नमस्कार करा. जोडायचे कागद असे:

- एफआयआरची प्रत आणि घटनास्थळ पंचनामा
- गाडी न सापडल्याचे पोलिसांचे पत्र, मिळाले असेल तर
- जखमेचे प्रमाणपत्र, एक्स-रे अहवाल, डिस्चार्ज कार्ड
- कॅशलेस उपचार घेतले असतील तर रुग्णालयाने पाठवलेल्या दाव्याची प्रत
- जखमीचे, आणि अर्जदार वेगळा असेल तर त्याचेही, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत

रुग्णालयाच्या दाव्याची प्रत नाही म्हणून क्लार्क अर्ज परत करतो, हा नेहमीचा अडथळा. उपचार स्वतःच्या पैशांनी झाले असतील तर अर्जातच लिहा, 'कॅशलेस योजनेचा लाभ घेतलेला नाही', आणि बिले जोडा. बऱ्याच तहसील कार्यालयांत या योजनेचा एकही अर्ज आलेला नसतो. नैसर्गिक आपत्तीच्या टेबलाकडे बोट दाखवले जाते. २०२२ च्या अधिसूचनेची छापील प्रत सोबत न्या, ती पाहिली की बोलणे बदलते. दोन संच करा, एकावर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन परत आणा.

पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खात्याकडेही एकदा बघा. केवायसी पूर्ण नसलेल्या 'छोट्या खात्या'त ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. आधीचे दोनशे रुपये पडून असले तरी पन्नास हजारांची रक्कम अडकू शकते. आधी केवायसी करून घ्या. आधार आणि पासबुकावरचे नावही एकसारखे हवे, एकीकडे 'बाळू' आणि दुसरीकडे 'बाळासाहेब' नको.

अर्ज दिल्यानंतर

चौकशी अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात नमुना २ मधला अहवाल दावा निवारण आयुक्तांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, पाठवायचा. त्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची. ती जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडे गेली की पुढच्या पंधरा दिवसांत पैसे. कागदावर दोन महिने. हे कौन्सिल म्हणजे विमा कंपन्यांची परिषद. 'जीआयसी' ऐकून पुनर्विम्याच्या सरकारी कंपनीला पत्र पाठवणारे आहेत.

दिरंगाई झाली तर कुठे जायचे, हेही त्या २०२४ च्या आदेशात आहे. प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती नेमायची आहे: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, दावा चौकशी अधिकारी आणि किमान उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी. दोन महिन्यांतून एकदा तरी तिची बैठक व्हायला हवी. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. अर्जाच्या पोचेची प्रत जोडून तिथे एक पानी तक्रार द्या. तहसीलला दहा हेलपाटे घालण्यापेक्षा हे लवकर पोचते. 'माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली' असा माहिती अधिकाराचा अर्जही फाइल हलवतो.

दुसरीकडचे पैसे

पन्नास हजारांत प्लेट-स्क्रूचे ऑपरेशनही निघत नाही. म्हणून बाकीची खाती तपासा. स्वतःच्या गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाला लागू, फ्रॅक्चरला नाही. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख, दोन्ही गेल्यास किंवा मृत्यू झाल्यास २ लाख. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत करायचा असतो, आणि दवाखान्याच्या धावपळीत नेमकी हीच मुदत निघून जाते. कामावर असताना अपघात झाला असेल तर मालकाकडून कर्मचारी भरपाई किंवा ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा).

गाडी नंतर सापडली तर

मोटार अपघात दावा प्राधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा करायची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. गाडीचा थोडाही सुगावा असेल तर पाचव्या महिन्यातच वकिलाला कागद दाखवा. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा तुमच्या राहत्या ठिकाणीही करता येतो, म्हणजे सांगलीचा माणूस सांगलीत दावा लावू शकतो. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही जबर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. कोणत्या कलमाखाली जायचे ते दुखापत आणि कमाई बघून ठरवा.

तोवर योजनेतले पन्नास हजार घेतलेले असले तरी प्राधिकरणाचा दरवाजा बंद होत नाही. कलम १६३ प्रमाणे तेवढी रक्कम नव्या भरपाईतून वळती होते. नमुना ४ च्या हमीपत्रात तुम्ही तेच कबूल केलेले असते. दाव्याच्या अर्जात ती रक्कम आपणहून नमूद करा. लपवली आणि विमा कंपनीने शोधून काढली, तर उलटतपासणीत तुमच्या बाकीच्या जबाबावरही शिंतोडे उडतात.